उत्तम ऐकू येते

माझा स्वभाव तापट आहे, गावात कुणालाही विचारा. बावीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं आणि त्यात कुत्री माझ्यावर भुंकली नसतील इतका मी माणसांवर भुंकलो. पण सगळ्यात जास्त चिडलो ते स्वतःवर, शहाण्णव साली.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथल्या सावळाराम आबांना आठ वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. उभा जन्म साखर कारखान्यात बॉयलरजवळ गेला, कान तिथंच राहिले. पण समोरच्याचे ओठ बघून त्यांना सगळं कळायचं. नवख्या पाहुण्याला तर ते बहिरे आहेत याचा पत्ताच लागायचा नाही. सल एकच होती. नात पिंकी पाच वर्षांची झाली होती, आबांशी ओरडूनच बोलायची, तरी तिचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

“व्हट दिसत्यात रं ज्ञानू,” मला म्हणायचे. “पर पोरगी मंजुळ बोलती का घोगरी, ते कसं कळावं?”

त्यांच्या सुनेनं, केसरबाईनं, एका साप्ताहिकात जाहिरात पाहिली. परदेशी कंपनीचं कानाचं मशीन, सातशे रुपये, व्ही.पी.नं घरपोच. म्हणजे पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे आणि पार्सल सोडवून घ्यायचं. नवरा समाधान लोणी देवकरला कंपनीत कामाला, त्याच्या पगारातून एवढं निघणं शक्य नव्हतं. तिनं आपल्या दोन शेळ्या विकल्या.

पार्सल मीच नेऊन दिलं. त्यात एक छापील कार्ड होतं, माल मिळाल्याचं कळवायला. आता आमच्याकडं आंबे येवोत की लग्नाचं लुगडं, पोच धाडल्याशिवाय घास उतरत नाही. ‘पावले, उत्तम आहे’ असं लिहायचंच. नाहीतर देणाऱ्याला काय वाटेल? गावाची निम्मी पत्रं मीच लिहायचो, हात सवयीनं चालला. मशीनमध्ये सेलसुद्धा पडले नव्हते आणि मी लिहून मोकळा झालो, ‘माल पावला. उत्तम ऐकू येते. आभारी आहोत.’ आबांनी खाली सही केली. कार्ड मी माझ्याच पिशवीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी आबा रस्त्यानं पुढं चालले होते, मशीन कानात. मी मागून घंटी वाजवली. वाजवत राहिलो. शेवटी सायकल आडवी घातली तेव्हा ते दचकले.

“काय बी येत न्हाय ऐकू,” ते खालच्या मानेनं म्हणाले. “पर केसरला बोलू नगं. येतंय म्हनलं तवा केवढी हरकली पोर! शेळ्या इकल्यात तिनं.”

मी तडक त्यांच्या घरी जाऊन केसरबाईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बारामतीच्या कानाच्या डॉक्टरांनी मशीन उघडलं. परदेशी नाव म्हणजे नुसता चिकटवलेला कागद होता, आत रेडिओतले चार फुटकळ भाग. त्यांनी चिठ्ठी दिली, ‘नकली.’ ती घेऊन केसरबाईनं मोठ्या पोस्टात तक्रार दिली. पैसे अजून कंपनीच्या हातात पडले नव्हते. तिथल्या साहेबांनी तार करून ते अडवले.

पंधरा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. गिऱ्हाईक समाधानी आहे, पुरावा सोबत. सोबत माझ्या अक्षरातलं कार्ड. मला तर वाटलं, हा हात चुलीत घालावा.

चौकशीला पोस्टाचे इन्स्पेक्टर साहेब आबांच्या घरी आले, मलाही बोलावलं. “जय भीम” करून आबांसमोर बसले. “आबा, डॉक्टर म्हणतात मशीन नकली. तुमची सही म्हणते उत्तम ऐकू येतं. खरं काय?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, “कार्डावर लिवलंय तेच खरं. येतंय ऐकू.”

केसरबाईनं कपाळावर हात मारला. मला मात्र कळलं. कार्ड खोटं ठरलं तर ज्ञानूची नोकरी जाईल, असं म्हाताऱ्यानं धरलं होतं.

साहेबांनी पिंकीला जवळ बोलावलं. “ठीक. तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसा. नात मागून हाक मारेल. ऐकू आली की हात वर करा.”

आबा वळून बसले, ताठ. पिंकीनं हाक मारली, “आबा!” मग मोठ्यानं मारली. मग मुठी आवळून, जीव तोडून ओरडली. शेजारची कुशाबाई काय झालं म्हणून धावत आली. आबा हलले नाहीत. पिंकीचा आवाज बसला आणि ती आईच्या पदरात शिरली. सगळं शांत झालं.

तेव्हा आबांनी हात वर केला. भिंतीकडं बघत, हसून म्हणाले, “आली की हाक. लई मंजुळ हाय पोरीचा आवाज.”

केसरबाई तोंडाला पदर लावून आत गेली. माझ्यानं राहवलं नाही. “साहेब, ती ओळ माझी हाय. आबांची न्हाय. काय शिक्षा करायची ती मला करा.”

“बस खाली,” साहेब म्हणाले. कागदावर बराच वेळ लिहीत राहिले, मान वर केली नाही.

मला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. महिन्याभरानं सातशे रुपये परत आले ते मीच नेऊन दिले, आणि त्याच पैशांत बारामतीला कानांच्या शिबिरात खरं मशीन मिळालं. मीही गेलो होतो बरोबर. डॉक्टरांनी ते कानात बसवलं. पिंकीनं सवयीनं बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, “आबाऽ!”

आबा खुर्चीतून उडालेच. “आगं, वरडती कशाला? मी काय बहिरा हाय का?”

पिंकी बावरली. आबांशी हळू कसं बोलतात हे तिला ठाऊकच नव्हतं. आईनं पाठीवर हात ठेवला तेव्हा ती जवळ जाऊन पुटपुटली, “आबा, माजी पेन्सिल हारावली.”

आबांच्या डोळ्यांना धार लागली. “परत म्हन,” ते म्हणाले.

पेन्सिल हरवल्याचं त्या दिवशी तिला नऊ वेळा सांगावं लागलं.