निळ्या शाईतले क्रियापद

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ लाकडी, रबर भेगाळलेले, आणि तोंडावर उलटी कोरलेली नऊ रोमन अक्षरे. कागदावर ती सुलटी उमटली की वाचता येतात. 'रेपेटाटुर'. हे लॅटिन भाषेतले एक क्रियापद आहे. तुम्हाला ते कळले नाही ना? कळू नये म्हणूनच ते कोरून घेतले होते. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली हकिगत सांगताना बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. चौदा वर्षे मी एका टेबलावर बसून माणसे पाहिली आणि त्यांतल्या बहुतेकांविषयी माझ्या मनात आदर उरलेला नाही.

मला घडवले एका शिक्केवाल्याने. जिन्याखालच्या कोनाड्यात त्याचे दुकान होते. उभे राहिले तर डोके आपटेल एवढेच. त्याने जन्मभर 'मंजूर', 'नामंजूर', 'पोहोचले' असले सरळ शब्द कोरले होते. ज्यांच्यासाठी मी बनत होतो त्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली अक्षरे त्याने दोनदा ताडून पाहिली आणि याचा अर्थ काय म्हणून विचारले. हेच औषध पुन्हा द्यावे, असा अर्थ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

"मग 'पुन्हा' असंच कोरतो की. दोन अक्षरांत काम भागेल."

"तसं कोरलं तर पेशंटला कळेल," डॉक्टर म्हणाले.

शिक्केवाला हसला. त्याला तो विनोद वाटला. पण डॉक्टर हसत नव्हते. जगात येता येता मी ऐकलेले पहिले बोलणे ते हे. ज्याची सुरुवातच अशी, त्याने माणसांविषयी चांगले मत बाळगावे तरी कसे?

दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेर एक लांब बाक, आत डॉक्टरांचे टेबल, आणि दोन्हींच्या मधोमध औषधांची खिडकी. खिडकीत कंपाउंडर बाई बसत. त्यांचे वडीलही तिथेच कंपाउंडर होते. बाई कमी बोलत, पण हातात आलेली प्रत्येक चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. त्या दवाखान्यात वाचण्याची सवय असलेल्या त्या एकट्याच.

खोटे कशाला बोलू, पहिली काही वर्षे डॉक्टर बरे होते. नाडी बघत, जीभ बघत, छातीला नळी लावत. मग पूर्वीचेच औषध हवे असेल तर मला निळ्या शाईच्या गादीवर टेकवून चिठ्ठीवर उठवत. तेव्हा मला माझ्या कामाचा अभिमानही होता. पण जो शिक्का दिवसातून चार वेळा उठायचा तो हळूहळू चाळीस वेळा उठू लागला. आधी नळी खुंटीवर गेली. मग जीभ बघणे बंद झाले. मग नाडी. शेवटी डॉक्टर मानही वर करीनासे झाले. त्यांना वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचा नाद लागला होता. डाव्या हाताने चिठ्ठी ओढायची, उजव्या हाताने मला आपटायचे, आणि डोळे कोड्यावर. आडव्या आणि उभ्या रकान्यांत हा माणूस दिवसभर शब्द शोधत असे. हातातल्या शब्दाकडे मात्र त्याने कधी पाहिले नाही.

आणि लोक? लोकांचे काय सांगावे! "डॉक्टरांच्या हाताला गुण आहे" असे ते बाकावर बसून एकमेकांना सांगत. तो हातगुण म्हणजे मी होतो. एका आजोबांना तर 'रेपेटाटुर' हे औषधाचेच नाव वाटले. त्याने आपला गुडघा कसा सुटला हे त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना सांगितले, आणि पुढच्या आठवड्यात तिघांनी खिडकीत येऊन मोठ्या बाटलीतले रेपेटाटुर मागितले. मला हसू आले नाही. मला कीव आली, आणि कीव ही तिरस्काराची सख्खी बहीण आहे.

आता रफूगाराची गोष्ट सांगतो.

हा रफूगार उतारवयाचा, अंगाने काटकुळा. फाटलेले कापड तो असे सांधत असे की नंतर भिंग लावूनही जागा सापडू नये. त्याची छाती धडधडते म्हणून तो आला. त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला नीट तपासले, हे मी मान्य करतो. हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारे थेंब दिले. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. हे औषध हळूहळू अंगात साठते, म्हणून तीन आठवड्यांनी नाडी दाखवायला या, असेही बजावले. तो तीन आठवड्यांनी आला. त्या दिवशी कोड्यातला शेवटचा शब्द अडला होता. डॉक्टरांनी मान वर न करता मला आपटले. रफूगार क्षणभर हात पुढे करून बसून राहिला, मग त्याने हात मागे घेतला आणि चिठ्ठी घेऊन गेला. त्यानंतर तो आलाच नाही. त्याची सून चिठ्ठी घेऊन येई, मी उठे, बाटली भरली जाई. पाच महिने हे असे चालले.

सहाव्या बाटलीच्या वेळी सून खिडकीशी थोडी रेंगाळली. कंपाउंडर बाईंनी सासऱ्यांची तब्येत विचारली, तशी ती मन मोकळे करू लागली. मामंजी जेवत नाहीत, अन्न समोर आले की त्यांना मळमळते. स्वभावही पार बिघडला आहे. दोरेवाल्याशी त्यांचे भांडण झाले. पांढरा दोरा मागितला तर पिवळा देतो म्हणून त्यांनी त्याची सगळी रिळे परत केली. घरी चादरी पिवळ्या दिसतात म्हणून ते तिच्यावरच ओरडतात, नीट धूत नाहीस म्हणतात. आणि दिव्याभोवती कडे दिसते म्हणतात.

"दोरा पांढराच होता हो," सून म्हणाली. "मी स्वतः उन्हात धरून बघितला."

कंपाउंडर बाईंचा हात बाटलीवरच थांबला. त्यांनी चिठ्ठी उचलली आणि त्या आत आल्या. भूक जाणे, मळमळ, सगळे पिवळे दिसणे ही त्या थेंबांचे विष चढल्याची लक्षणे आहेत, माणसाला एकदा बघायला हवे, असे त्यांनी हळू आवाजात सांगितले. डॉक्टरांनी पेन्सिलीने एक चौकोन भरला.

"शिक्का मारलाय ना? मग तेच द्यायचं. बाई, तुम्ही बाटल्या भरा."

बाई बाहेर आल्या. बाकावर एक निवृत्त मास्तरीणबाई खोकल्याचे औषध घ्यायला बसल्या होत्या. शाळेत त्यांनी जन्मभर लॅटिन शिकवले होते. जी भाषा आता कोणी बोलत नाही ती शिकवली, म्हणून लोक त्यांना थोडे हसत. त्यांनी बाईंच्या हातातली चिठ्ठी मागून घेतली, चष्मा वर केला आणि विचारले, "या शिक्क्यातल्या शब्दाचा कुठला अर्थ घेतलाय तुमच्या डॉक्टरांनी?"

आपल्याला एकच अर्थ माहीत आहे, असे बाईंनी सांगितले. तेव्हा त्या म्हातारीने बाकावर बसल्या बसल्या माझे अक्षरन् अक्षर सोलून दाखवले. चौदा वर्षांत मला माझा अर्थ सांगणारे ते पहिले माणूस.

मूळ धातू 'पेटेरे', त्या म्हणाल्या. एखाद्या गोष्टीकडे जाणे, ती मागणे, किंवा तिच्यावर चालून जाणे. त्याला 'रे' जोडला की 'मागे' आणि 'पुन्हा' असे दोन्ही भाव येतात. म्हणून 'रेपेटेरे' म्हणजे प्रवाशाने सोडलेल्या घराकडे परत जाणे. सैनिकाने शत्रूवर पुन्हा घाव घालणे. ज्याची वस्तू कोणी बळकावली त्याने ती कचेरीत जाऊन हक्काने परत मागणे. म्हातारपणी जुनी गोष्ट मुळापासून आठवणे. आणि सगळ्यांत शेवटी, धडा पुन्हा म्हणणे.

"इतक्या अर्थांतून तुमच्या साहेबांनी सगळ्यांत आळशी तेवढा उचलला," त्या म्हणाल्या. मग चिठ्ठीवरच्या माझ्या ठशाच्या शेपटावर बोट ठेवून पुढे बोलल्या. "आणि हे रूप बघा. 'पुन्हा केलं जावं.' कोणी करावं, कोणी बघावं, काही नाही. कर्ता गायब. हुकूम आहे, पण हुकूम देणारा माणूस नाही."

ऐकताना माझे रबर तापल्यासारखे झाले. आपल्या पोटात घराकडे परत जाण्याचा अर्थ आहे आणि हक्काने परत मागण्याचाही आहे, आणि आपण मात्र रोज घाव घालत आलो, हे मला त्या क्षणी कळले. माझ्या तिरस्कारातून मी स्वतःला आजवर वगळले होते. त्या दिवशी तो माझ्यापर्यंत पोहोचला.

कंपाउंडर बाईंनी सुनेच्या हातात बाटली दिलीच नाही. त्यांनी खिडकीची झडप लावली आणि भर कामाच्या वेळी त्या तिच्याबरोबर चालू लागल्या. चिठ्ठ्यांची रांग तशीच उभी राहिली. चार वाजेपर्यंत डॉक्टरांच्या ते लक्षातही आले नाही.

पुढचे मी पाहिले नाही. बाईंनी नंतर मास्तरीणबाईंना सांगितले ते ऐकले. रफूगार खिडकीशी एक पांढरा सदरा मांडीवर घेऊन बसला होता आणि सुईत दोरा ओवायलाही त्याचा हात उठत नव्हता. बाईंनी मनगट धरले. मिनिटाला अडतीस ठोके, तेही मध्येच चुकणारे. शेजारच्याची गाडी काढून त्याला मोठ्या इस्पितळात नेले. तो अकरा दिवस तिथे होता. तिसऱ्या दिवशी त्याला थोडे खाववले. नवव्या दिवशी त्याने सुनेला विचारले, की या चादरी कोणी बदलल्या, इतक्या पांढऱ्या कशा? ती बाहेर जाऊन रडली.

इस्पितळातून दवाखान्यात एक कागद आला. पाच महिने न तपासता हे थेंब कोणाच्या सल्ल्याने चालू राहिले, असा प्रश्न होता. एरवी गिचमिड लिहिणाऱ्या डॉक्टरांनी सुंदर अक्षरात उत्तर लिहिले, 'औषध पुन्हा दिले गेले.' एवढेच. मास्तरीणबाईंनी सांगितलेला गायब कर्ता मला तिथे समोर दिसला. पांढरा कोट घालून बसला होता.

कंपाउंडर बाईंनी त्याच कागदाखाली आपल्या हाताने लिहिले, 'पाच बाटल्या मी भरल्या. चौथीच्या वेळी सून म्हणाली होती की सासरे जेवत नाहीत. मी ऐकले आणि तरीही भरली.' हे खोडा, असे डॉक्टरांनी तीनदा सांगितले. बाईंनी खोडले नाही. कागद पाकिटात घातला आणि स्वतः नेऊन दिला. इस्पितळाने डॉक्टरांना ताकीद दिली, तीही पत्राने. डॉक्टरांनी बाईंना काढले नाही. त्यात मोठेपणा शोधू नका. डॉक्टरांचे अक्षर वाचू शकणारे दुसरे कोणी नव्हते.

आणि लोक काय म्हणाले? रफूगार मरणाच्या दारातून परत आला, डॉक्टरांच्या हाताला गुणच तसा, असे म्हणाले. बाकावर चार माणसांनी माना डोलावल्या. बाई खिडकीत बसून ऐकत होत्या. त्या पुढची बाटली भरू लागल्या, आणि मला वाचा नव्हती.

दोन महिन्यांनी रफूगार स्वतः आला. सून बाहेर बाकावर बसली. तो आत येऊन टेबलापुढच्या स्टुलावर बसला आणि त्याने चिठ्ठी पुढे सरकवली. दोन महिने तिथेच तपासून इस्पितळाने आता लिहून दिलेली होती. खाली ठळक अक्षरांत 'दर पंधरा दिवसांनी तपासणे' असे लिहिलेले होते. डॉक्टरांची नजर कोड्यात होती. डाव्या हाताने त्यांनी चिठ्ठी ओढली, उजव्या हाताने मला गादीवर टेकवून उचलले. मी हवेत होतो.

रफूगाराने आपला पंजा चिठ्ठीवर ठेवला. बोटांची टोके सुईने टोचून टोचून निबर झालेली होती.

"आधी माझ्याकडे बघा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी वर पाहिले. बराच वेळ पाहिले. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, आणि मला कळून चुकले की यांना हा माणूस ओळखू येत नाही.

"आपण कोण?" डॉक्टरांनी विचारले.

रफूगाराने नाव सांगितले नाही. तो रागावलाही नाही. त्याने हात उलटा केला आणि मनगट तसेच चिठ्ठीवर पसरून ठेवले. नाडी बघायला हात मोकळा लागतो. डॉक्टरांनी मला खाली ठेवले. मग घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट ते ठोके मोजत राहिले. कंपाउंडर बाई खिडकीतून पाहत होत्या.

यानंतर डॉक्टर सुधारले, असे मी म्हणणार नाही. काही दिवस ते वर बघत. मग त्यांनी नवा शिक्का मागवला. त्यात शाई आतच असते, गादीवर टेकवायचेही कष्ट नाहीत. मी आता खणात पडून आहे, वाळलेल्या पेनांच्या सोबतीला. माझे रबर कडक झाले आहे आणि मधले एक अक्षर गळून पडले आहे.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला पुसून ठेवा, असली विनवणी मी करणार नाही. मला झुरळांनी खाल्ले तरी चालेल, मी त्याच लायकीचा आहे. पण तुम्ही मोठे व्हाल, आणि कधीतरी कोणीतरी खाली मान घालून तुमच्या कागदावर काहीतरी उमटवायला निघेल. तेव्हा भिऊन बसू नका, आणि त्याच्या हातगुणाचे गोडवेही गाऊ नका. कागदावर आपला हात ठेवा. हातावर शिक्का मारायचा म्हटले, तरी माणसाला आधी वर बघावे लागते.