नीरफणसाचं उघडं पान

मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो, आणि एका जागी स्वस्थ पडून राहणं मला कधी जमलंच नाही. आत्तासुद्धा पॅसिफिक महासागरातल्या रुरुतू बेटावरच्या या घरात दोरीवर वाळत असताना माझं एक पान वाऱ्यावर फडफडतंय. येणारी-जाणारी प्रत्येक बाई ते पाहते, "अगं बाई, हे शिवायचं राहिलंय की!" म्हणते आणि लगेच सुई शोधायला लागते. त्या सुईपासून मला वाचवा, एवढंच सांगायला मी तोंड उघडलंय. पण आधी माझी हकीकत ऐका.

आमच्या बेटांवर मला तिफैफै म्हणतात. तुमच्या गोधडीसारखं माझ्या पोटात जुनेर नाही. खाली पांढरं कापड, त्यावर लाल कापडातून कातरलेली नीरफणसाची आठ पानं, आणि पानांच्या कडा दुमडून घातलेले बारीक टाके. टाके घालणारी तापेता. चर्चमधल्या बायकांच्या शिवणमंडळाची ती पुढारी. हात जितका बारीक, तितकीच जीभ तिखट. कुणाचा टाका मोठा दिसला की म्हणायची, "हा टाका की होडीचा दोर? उसव!" तिची भाची मोएआता लहानपणी तिच्याजवळ शिवण शिकली. तिच्या वाट्याला हे 'उसव' रोज यायचं. पोरगी मुळूमुळू रडायची आणि पुन्हा सुई ओवायची.

मोएआता मोठी झाली आणि पॅरिसला गेली. नोकरी, लग्न, मुलं. "पुढच्या वर्षी नक्की येते, आत्या," असं ती दरवर्षी फोनवर म्हणायची. पण ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

माझी सात पानं शिवून झाली होती तेव्हा तापेताला धाप लागायला लागली. तारोच्या, म्हणजे आमच्या अळकुड्यांच्या, वाफ्यातून घरापर्यंत यायचं तरी ती वाटेत दोनदा बसायची. ताहितीच्या मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप कामातून गेलीय, ऑपरेशन करायला फ्रान्सला जावं लागेल. नाहीतर दिवस फार नाहीत.

"मी नाही जायची," तापेता म्हणाली. "मरायचंच असेल तर इथे मरीन. अंगणात पुरा मला, माझ्या आईशेजारी."

तिचा नवरा पुनुआ मासे साफ करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "अंगणात मला तारो लावायचाय. जागा नाही."

ती हसली, मग हसता हसता रडली, आणि शेवटी जायचं ठरलं.

मला वाटलं, चला, आता तरी माझं आठवं पान शिवलं जाईल. ते नुसतं लांब धावदोऱ्याने टाचलेलं होतं. निघायच्या आधी मंडळाच्या बायका जमल्या. सगळ्या मिळून हातासरशी संपवू म्हणाल्या. तापेताने माझ्यावर आडवा हात ठेवला.

"खबरदार! माझी आई सांगायची, लांब जाताना हातातलं काम अर्धं ठेवून जावं. अर्धं काम माणसाला ओढून घरी आणतं."

आणि मला तशीच घडी घालून बॅगेत कोंबलं. मला इतका राग आला म्हणून सांगू! अर्धवट अंगाने परदेशी जायचं? चारचौघांत शोभा! विमानतळावर निरोप द्यायला अख्खं गाव लोटलं होतं. तापेताच्या गळ्यात शिंपल्यांच्या इतक्या माळा पडल्या की पुनुआ म्हणाला, "बाई, विमान उडेल ना?" तो थट्टा करत होता, पण तिची बॅग काही हातातून सोडत नव्हता.

पॅरिसच्या हॉस्पिटलात तापेताने पहिल्यांदा काय केलं, तर मला बाहेर काढून पलंगावर अंथरलं. नर्स म्हणाली, "छान आहे हो, पण धुऊन आणल्याशिवाय इथे चालणार नाही." भेटायला आलेली मोएआता मला आपल्या घरी घेऊन गेली. तिने मला धुतलं, वाळवलं, पसरलं, आणि तिला ते लोंबणारं पान दिसलं.

आता आमच्या बेटावरच्या बाईला उघडी कड दिसली आणि ती गप्प बसली, असं कधी व्हायचं नाही. "अरेरे, आजारपणात राहून गेलं असेल बिचारीचं," असं पुटपुटत मोएआता बसली आणि पान शिवून टाकलं. काय टाके घातले, मित्रांनो! खोटं कशाला बोलू, मी सुखावले. पहिल्यांदाच मला स्वस्थ वाटलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर आलं होतं. मोएआता मोठ्या ऐटीत मला पलंगावर पसरून म्हणाली, "आत्या, ओळख बघू, तुझे टाके कुठले आणि माझे कुठले!"

तापेताने बोटांनी चाचपलं. तिचा चेहरा पडला. "हे काय केलंस?"

"पूर्ण केलं."

"कुणी सांगितलं होतं तुला? आता मी घरी कशी जाणार?" आणि तिने आईचं ते बोलणं सांगितलं. "उद्या मला भूल देतील. मला इकडे ओढून आणायला काय उरलं? नको मला ते ऑपरेशन. मी नाही करून घ्यायची."

"आत्या, डॉक्टर तुझी झडप बदलणार आहेत, गोधडी नाही!" मोएआताचा आवाज चढला. "लहानपणी माझा एक टाका तुला चालला नाही. आज जन्मात पहिल्यांदा तुझ्यासारखा शिवला, तर तोही उसवायचा?"

तापेताने ती कड डोळ्यांजवळ नेली. मग हळूच म्हणाली, "माझ्यासारखे नाहीत गं. माझ्याहून बारीक आहेत. आपल्या मंडळात असं कुणाला जमत नाही."

हे ऐकलं आणि मोएआताला रडू कोसळलं. डोळे पुसत तिने केसांतली पिन काढली आणि आपणच घातलेले टाके एकेक उचकटायला लागली.

"मी गाव सोडलं तेव्हा काहीच अर्धं ठेवलं नव्हतं, आत्या," ती मान खाली घालून म्हणाली. "सगळं शिवून, धुऊन, वाटून निघाले. तू सगळ्यांना सांगत होतीस, पोरगी किती नीटनेटकी."

तापेताने तिच्या हातातली पिन घेतली. मला वाटलं, आता हीसुद्धा उसवणार. तर ती शेजारच्या सातव्या पानाला भिडली, स्वतः शिवलेल्या!

"अगं, हे काय करतेस? ते तर तुझं झालेलं आहे!"

"ते माझं होतं. आता हे तुझं. आठवं मी घरी जाऊन शिवीन, सातवं तू येऊन. आपापलं पान आपापल्या हाताने, रुरुतूला, माझ्या अंगणात. समजलं?"

दोन-दोन पानं उघडी! मी मनातल्या मनात कितीतरी आकांत केला. पण कुणी ऐकतंय थोडंच!

दुसऱ्या दिवशी तापेताला आत नेलं. मोएआता मला मांडीवर घेऊन बाहेर बसली. सातवं पान ती बोटाभोवती गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. दार उघडलं की दोघी दचकायचो. मी उभ्या आयुष्यात इतकी भ्याले नव्हते. अखेर तापेता शुद्धीवर आली, तेव्हा तिचे पहिले शब्द होते, "कुणी शिवली नाही ना?"

गावी परतल्यावर विमानतळावर तिच्या गळ्यात फुलांचे हार पडले. पुनुआ म्हणाला, "अंगणभर तारो लावून टाकलाय. आता तुला तिथे जागा नाही." एवढं बोलून तो पाठ फिरवून उभा राहिला. तापेता घरी आली, प्रवासाचे कपडेही न बदलता बसली आणि माझं आठवं पान शिवून मोकळी झाली.

सातवं अजून उघडं आहे. उन्हापावसात माझा लाल रंग विटला, कडेचे धागे निघायला लागले. तापेता थकलीय. मोएआता अजूनही फोनवर "पुढच्या वर्षी" म्हणते, पण आता फोन ठेवताना विचारते, "माझं पान कुणी शिवलं नाही ना?"

मित्रांनो, फाटलेलं शिवावं, जुनं जपावं, हे खरंच आहे. मलाही जपा. कसर लागू देऊ नका, फार ऊन लागू देऊ नका. पण माझ्या त्या पानाला हात लावू नका. ते विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम राखून ठेवलंय. तापेताने एक सुई ओवून त्याच्या कडेला खोचून ठेवली आहे, आणि दोरा पिवळा पडला की ती नवा ओवते.