एकाच तारखेचे दोन दगड

माझ्या बायकोचं नाव दफनभूमीतल्या एका दगडावर ती जिवंत असतानाच कोरलेलं होतं. माझ्याशी लग्न होण्याच्याही आधीपासून.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत तशी रीत आहे. नवरा गेला की दगडावर त्याच्या नावाखाली बायकोचंही नाव आणि जन्मतारीख कोरतात. मृत्यूची तारीख तेवढी मोकळी सोडतात. पुढे पाथरवटाला बोलावलं की चार आकड्यांचंच काम राहतं. तिचा पहिला नवरा तापाने गेला, तेव्हा त्याच्या घरच्यांनी तसंच केलं. ती पुन्हा लग्न करेल असं कोणाच्या डोक्यात नव्हतं. तिच्याही नव्हतं. मग ती माझ्या दुकानात शिवणकामाला आली.

मी कपडे शिवतो. म्हणजे मी कापायचो आणि ती शिवायची. माझं टेबल खिडकीशी, तिचं मशीन आतल्या भिंतीला. मशीनच्या फळीवर, रिळांच्या डब्याला टेकवून, तिचं पवित्र शास्त्राचं पुस्तक उघडं असायचं. टीप मारता मारता ती वाचायची. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोठ्याने वाचायची आणि मी खोड काढायचो.

"तुझ्या पुस्तकात एका पानावर हो आणि दुसऱ्यावर नाही. मूर्खाला उत्तर देऊ नको म्हणतं, आणि लगेच खाली, उत्तर दे म्हणतं. माणसाने करायचं काय?"

"तुम्ही कापडावर दोन रेघा मारता की. एक आत, एक बाहेर. मी कधी म्हटलं, यातली एक खोटी आहे म्हणून?"

"बाहेरची कापायची, आतली शिवायची. शेंबड्या पोरालाही कळतं."

"मी आतलीवर कापलं तर अंग मावेल का त्यात?"

तिच्यापुढे माझं कधी चाललं नाही.

दर रविवारी उपासना संपली की ती ओला फडका घेऊन त्या दगडाकडे जायची. मी फाटकाशी उभा राहायचो. ती आधी त्याचं नाव पुसायची, मग स्वतःचं. स्वतःच्या कबरीच्या दगडावरची धूळ पुसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. एकदा न राहवून म्हणालो, "तुझं नाव तासून टाकायला सांगू का?"

"तासलं तर खळगा पडेल. खळग्यात पाणी साचतं, शेवाळ धरतं. राहू द्या."

"मग मी कुठे पडायचं?"

"आधी मरा तर खरं," ती म्हणाली आणि फडका पिळला.

मेली ती. पोटात गाठ होती, आणि कळली तेव्हा डॉक्टरांनी आमच्याकडे न बघता कागद आवरायला घेतले. पुढच्या रांगांत जागा नव्हती, म्हणून तिला मागच्या भिंतीशी पुरलं. त्याचा दगड पुढच्या रांगेत आणि ती मागे. खरं सांगायचं तर मला त्यात बरं वाटलं.

कबरीची माती बसल्यावर पाथरवट दुकानात आला. टेबलावरची माझी टेप उगाच गुंडाळत उभा राहिला.

"मास्तर, आता दगड बसवायला हरकत नाही. पण एक विचारायचं होतं. पुढच्या रांगेतल्या दगडावरची तारीख भरायची का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"म्हातारी माझ्या दारात ठाण मांडून बसते. पण ज्याने पुरलं त्याची परवानगी लागते. म्हणजे तुमची."

म्हातारी म्हणजे तिच्या पहिल्या नवऱ्याची आई.

"भरायची नाही," मी म्हणालो.

"बरं. आणि तुमच्या दगडावर शास्त्रातलं वचन कोणतं घालू?"

"देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये, ते घाल."

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि परत कानामागे ठेवली. "ते त्याही दगडावर आहे, मास्तर."

मला माहीत नव्हतं. मी फाटकाशीच उभा राहायचो ना.

तो गेल्यावर मी तिचं पुस्तक टेबलावर घेतलं. वाचायची सवय नाही, त्यामुळे बोट ठेवून वाचत गेलो. देवाने जोडलेलं तोडू नये, हे सापडलं. दुसरीकडे सापडलं, की नवरा जिवंत आहे तोवरच बायको त्याला बांधलेली, तो मेला की ती मोकळी. हे वाचून मला आधी हायसं वाटलं, कारण याने पहिला नवरा निकालात निघत होता. मग लक्षात आलं की याच हिशेबाने आता मीही निघालो. आणि तिसरीकडे ती सात भावांची गोष्ट सापडली. एक बाई, एकामागून एक सात भावांशी लग्न, सातही मेले, शेवटी तीही मेली. मेलेले उठतील तेव्हा ती कोणाची बायको? प्रभूने सांगितलं, उठल्यावर लग्न करत नाहीत आणि लग्नात देतही नाहीत. पुस्तक मिटून मी त्यावर कात्री ठेवली, जणू ते आपोआप उघडणार होतं.

त्या दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा उपासनेचा झगा शिवायला होता. कापड तिनेच निवडलेलं. ती असताना कापड पसरायचं काम तिचं. सुलट बाजू सुलट बाजूवर ठेवून घडी घालायची, मग मी कापलं की एक डावा भाग निघे आणि एक उजवा. मी ते एकेरी पसरलं, एकदा कापलं, सरकवून परत कापलं. दोन्ही भाग डावे निघाले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी ते दोन डावे भाग हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. मग दुकानाचं दार लावून घेतलं.

दार वाजलं. म्हातारी आली होती. काठी टेकत सरळ आत आली आणि मशीनच्या स्टुलावर बसली. ती गेल्यापासून तिथे कोणी बसलं नव्हतं.

"उठ म्हणू नकोस. गुडघे गेलेत."

"मावशी, ती माझी बायको होती."

"मी कुठे नाही म्हणते? तुमच्या लग्नाला आले होते की मी. टेलर असून तुझा कोट ढगळ होता."

"तिनेच शिवला होता."

"तरीच. पुढे तू अंगाने सुटशील हे ओळखून शिवला असेल." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आता अजून ढगळ होईल. जेवतोस की नाही?"

"तारखेचा हट्ट कशाला धरलात?"

तिने काठी मांडीवर आडवी घेतली. "ती रविवारी यायची तोवर मला काही वाटत नव्हतं. आता ती यायची नाही, आणि दगड म्हणतो ती अजून आहे. पोराला पुरलं, सुनेला मी स्वतः तुझ्या घरी पाठवलं, आता तीही गेली. उद्या मी मेले की ती तारीख तशीच उघडी राहील. माझं पोर आपलं वाट बघत बसलेलं. कुणाची, तर जी येऊन मागच्या भिंतीशी निजलीय तिची."

"विचार करतो," म्हणालो.

"कर. पण मी जायच्या आधी कर."

पाळकसाहेब झग्याचं माप बघायला आले तेव्हा मी नवीन कापड आणून पुन्हा कापलं होतं. वयाने माझ्या पुतण्याएवढे आहेत. कच्चे टाके घातलेला झगा त्यांच्या अंगावर चढवला आणि मी बाजूने टाचण्या लावायला घेतल्या.

"दोन्ही भाग डावे निघाले असं ऐकलं, मास्तर," ते म्हणाले. "मंडळीतले काही जण तसंही म्हणतात, की मी जरा एकाच बाजूला झुकतो."

"हलू नका, टोचेल. तुम्हाला एक विचारू?"

"टाचण्या तुमच्या हातात आहेत. विचारा."

"सात भावांची बायको. तिथे ती कोणाची?"

ते आरशात माझ्याकडे बघू लागले. पुढच्या रांगेतला दगड त्यांनाही माहीत होता. "आधी तो प्रश्न कोणी विचारला ते बघा. ते लोक मेलेले उठतात हे मानतच नव्हते. त्यांना प्रभूला अडकवायचं होतं. त्या बाईचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. भावाचा वंश चालावा म्हणून तिला या घरातून त्या घरात दिली. अख्ख्या गोष्टीत ती एक शब्द बोलत नाही. आणि मेल्यावरही यांचा प्रश्न काय, तर ती कोणाच्या वाट्याला? प्रभूने म्हटलं, तिथे तसं घेणं नाही आणि देणं नाही."

"मग देवाने जोडलेलं तोडू नये, ते कशाला?"

"तेही कोणीतरी अडकवायलाच विचारलं होतं. बायकोला सोडून द्यायची सूट आहे का, असं. तिथे उत्तर मिळालं, माणसाने तोडू नये. एक इथल्या माणसांना सांगितलंय, की तिला टाकू नका. दुसरं म्हणतं, तिथे तिच्यावर हक्क सांगू नका. मला तरी दोन्ही एकाच तोंडची वाटतात."

"म्हणजे तिथे ती मला ओळखणार नाही?"

"असं नाही म्हटलेलं."

"ओळखेल, असं?"

"तेही नाही म्हटलेलं."

"तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा."

"मी सांगितलं तर ते माझं होईल, मास्तर, वचन नाही होणार. माझी बायको हेच विचारते तेव्हा मी काहीतरी काम काढून उठतो." ते थोडे थांबले. "आज टाचण्यांमुळे उठता येत नाही."

मी खाली बसून घेर मापू लागलो. ती कोणाची, असं मी विचारलं होतं. कात्रीखाली पुस्तक ठेवल्यापासून माझ्या डोक्यात तेवढाच प्रश्न होता. म्हातारीने तो विचारला नव्हता. ती फक्त पोराचं वाट बघणं थांबवायला आली होती. आणि बायकोने तर कोणालाच काही विचारलं नव्हतं. फडका घेऊन जायची आणि परत येऊन माझं जेवण वाढायची. त्या दोन गोष्टींची तिला कधी अडचण झालेली मी पाहिली नाही. अडचण मला होती, फाटकाशी.

"झालं का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"झालं. हात वर करून काढा, सावकाश."

दुसऱ्या दिवशी मी पाथरवटाला तारीख भरायला सांगितलं.

तो छिन्नी घेऊन बसला तेव्हा म्हातारी घडीच्या खुर्चीवर होती आणि मी पाण्याचा डबा धरून होतो, भुकटी धुवायला. त्या दगडाजवळ मी पहिल्यांदाच गेलो होतो. वचन वाचलं. तिचं नाव वाचलं. तिची अक्षरं त्याच्या अक्षरांपेक्षा गुळगुळीत झाली होती, का ते कळलं नाही. कदाचित आपलं नाव ती जास्त जोराने पुसत असेल. शेवटचा आकडा कोरून झाल्यावर म्हातारीने वाकून त्यावर बोट फिरवलं.

"नीट आलाय," ती म्हणाली.

आम्ही मागच्या भिंतीशी गेलो. नवा दगड टेकवून ठेवला होता. पाथरवट म्हणाला, "इथे वचन कोणतं, ते ठरलं का?"

"तेच घाल."

"तेच? दोन्हीकडे? तारीख एक, नाव एक आणि वचनही एक. कोणी नवखा आला तर म्हणेल, यातला एक दगड खोटा आहे."

"म्हणू दे."

"आणि तुमचं नाव? रीतीप्रमाणे आत्ताच कोरून ठेवू का? तारीख सोडतो."

नाव कोरून ठेवलं तर ते पुसायला येणारं कोणी नव्हतं. आम्हाला मूल झालं नाही. शिवाय तिथे माझी जागा आहे की नाही, हे मला अजून माहीत नव्हतं. पाळकसाहेबांनी सांगितलं त्याने डोकं शांत झालं, मन नाही. संध्याकाळी दिवा लावताना मला अजून वाटतं, की निदान ओळख तरी राहावी. एवढं वचनात असतं तर काय बिघडलं असतं.

"नाव नको," मी म्हणालो. "जागा सोड फक्त."

"किती सोडू?"

"लागेल त्याहून बोटभर जास्त."

पाळकसाहेबांचा झगा मी तिच्या मशीनवर शिवून दिला. पाठीची टीप जरा वाकडी गेली आहे. ते उपदेशाला उभे राहून मंडळीकडे तोंड करतात, त्यामुळे कोणाला दिसत नाही.

रविवारी उपासना संपली की मी फडका भिजवून घेतो. म्हातारीला आता खडबडीत वाटेवरून आत चालवत नाही, ती फाटकाशी उभी राहते. मी आधी पुढच्या रांगेत जातो. त्याचं नाव पुसतो, मग तिचं.

"तारखेच्या खाचा नीट पूस!" म्हातारी तिकडून ओरडते. "नवीन आहेत, माती धरतात!"

मग मागच्या भिंतीशी जातो. तिथे ऊन पोचत नाही, दगड ओलसर असतो. तिचं नाव पुसतो. दगडाची अर्धी बाजू कोरी आहे, तीही पुसतो.