परस्पर बोललेला नवस

नवस आईनं बोलायचा आणि गुडघे मुलानं झिजवायचे, हा न्याय एवारिस्तोच्या घरात नवा नव्हता. अकरा वर्षांपूर्वी तो छपराचं काम करताना खाली पडला, उजवा पाय मोडला. एर्मेलिंदाबाईंनी दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या डोंगरावरच्या चॅपेलकडं बघत सांगून टाकलं, माझा पोरगा नीट चालू लागला तर तुझ्या दारी गुडघ्यांवर येईल. पोरगा नीट चालू लागला, आणि चॅपेलचा रस्ता तेवढा टाळत राहिला.

आता मात्र सुटका नव्हती. येत्या गुरुवारी बाईंच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि बाईंनी डॉक्टरांना तोंडावर बजावलं होतं, "नवस डोक्यावर ठेवून मी काही टेबलावर चढायची नाही. वर गेले तर काय तोंड दाखवू?" डॉक्टरांनी एवारिस्तोकडं पाहिलं. एवारिस्तोनं भिंतीकडं पाहिलं. मग काय, शनिवारी सकाळी ऊन तापायच्या आत मायलेक चढाच्या पायथ्याशी गाडीतून उतरले.

दोन लाल सुळक्यांच्या बेचक्यात पाचर ठोकावी तसं ते काँक्रीटचं चॅपेल बसलं होतं. दर्शनी भिंत सगळी काचेची, आणि काचेच्या मधोमध पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच उंच क्रूस. खाली नुसतं वाळवंट आणि निवडुंग.

"जवळून आज बघतेय," बाई म्हणाल्या. "हे देवाचं घर आहे की बशा ठेवायचं कपाट?"

"तूच निवडलंस ना, आई?"

"निवडायला सवड कुठं होती? तू डुकरासारखा ओरडत होतास. जवळ दिसला तो देव धरला."

एवारिस्तो गुडघ्यांवर बसला. बाईंनी काठीच्या टोकानं त्याचा गुडघा टोचला. काठी मऊ कशात तरी रुतली.

"हे काय घातलंयस रे आत?"

छपरावर काम करताना गुडघ्यांना बांधतात त्या जाड गाद्या होत्या. एवारिस्तो लाजला.

"शाब्बास! देवाला टोपी घालायला निघालाय! उजवी काढ. देवानं जोडला तो पाय उघडाच पाहिजे. डावीचं काय ते तुझं तू आणि तो बघून घ्या."

एक गादी काढून स्वारी निघाली. थोडं वर गेल्यावर टोपीवाली एक पर्यटक बाई कळवळून वाकली, "यांचं काही हरवलंय का?"

"नाही हो," एर्मेलिंदाबाई म्हणाल्या, "लहानपणापासून असाच चालतो."

एवारिस्तोला हसू आवरेना. पण वळणावर बाई थांबल्या. "तुझ्यासाठीच थांबतेय हं, दमला असशील," म्हणत त्यांनी कठड्याला हात टेकला. त्यानं मान वर करून पाहिलं तर ओठ निळसर पडले होते, आणि श्वास लागला होता तो त्यांनाच. मग उजवा गुडघा फारच सोलवटल्याचं सोंग करून तो दर चार हातांवर थांबू लागला.

"नाजूक गं बाई माझं लेकरू," बाई म्हणायच्या, आणि तेवढ्यात दम खाऊन घ्यायच्या.

आत गार होतं. बाईंनी मेणबत्ती लावली, बाकावर टेकल्या आणि काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, "चला, फिटला एकदाचा. आता माझ्याकडं कुणाचं काही देणं राहिलं नाही. गुरुवारी काय व्हायचं ते होऊ दे."

हे त्या इतक्या निवांतपणे म्हणाल्या की एवारिस्तो घाबरला. बाई आवराआवर करायला आल्या होत्या, हे त्याला आत्ता कळलं. देवाधर्माशी त्याचा संबंध लग्नं आणि मयतींपुरता. तरी तो सोललेल्या गुडघ्यावर पुन्हा बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "हे बघ देवा, गुरुवारी ही शुद्धीवर आली, तर पुढच्या वर्षी हा चढ स्वतःच्या पायांनी चढून येईल. मध्ये कुठंही न थांबता!"

"अरे मेल्या! मला न विचारता?"

"मला कुणी विचारलं होतं?"

बाईंनी क्रूसाकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. "न थांबता कशाला म्हणालास रे? एकदा तरी थांबू द्यायचं होतंस."

"आता बोलून गेलो. नवस मागं घेता येत नाही."

बाईंनी त्याची कॉलर मुठीत धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"घ्या," त्या पुटपुटल्या, "आता मरायचीही सोय ठेवली नाही कार्ट्यानं."