परातीतले गोळे

आधीच सांगते, मी हट्टी आहे. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, आमच्या नायगावच्या चाळीत तर त्याहून जास्त. म्हणून २००८ साली त्या मीटिंगमध्ये आमचा टीम लीडर हेरंब म्हणाला, "हे काम बेंगळुरूच्या टीमकडे देऊन टाकू," तेव्हा माझं डोकं सणकलं आणि मी बोलून गेले, "शनिवारपर्यंत थांब. नाही जमलं तर प्रोजेक्टवरून माझं नाव काढ."

"बघ हं, संघमित्रा, खरंच काढेन," तो म्हणाला. आणि त्याने काढलं असतं.

आमचं ऑफिस परळला. ज्या गिरणीत माझे बाबा संपापर्यंत मागावर उभे होते, तिच्याच जागेवर काचेची बिल्डिंग झाली, तिच्या सातव्या मजल्यावर. काम एका हॉस्पिटलचं होतं. एका पेशंटच्या स्कॅनची बाराशे चित्रं साफ करून पंधरा मिनिटांत डॉक्टरांपुढे ठेवायची. मशीनमध्ये आठ प्रोसेसर, म्हणजे कामाला आठ जण. मी बाराशेचे आठ सारखे वाटे केले. आमच्या मशीनवर आठ मिनिटांत झालं, हॉस्पिटलात अर्धा तास लागला. तिथल्या मशीनवर इतर कामंही चालायची, दोन प्रोसेसर तिकडे जुंपलेले. त्यांचे वाटे रखडले आणि बाकीचे सहा आपलं उरकून हातावर हात ठेवून बसले.

मग मी शहाणपणा केला. प्रोग्रामने सुरू होतानाच विचारायचं, मोकळे किती? सहा असतील तर सहा वाटे. मंगळवारी करून बघितलं, तर अर्ध्यावर आणखी एक प्रोसेसर दुसऱ्या कामाला गेला आणि पुन्हा तेच रडगाणं. सकाळी गेटवर हजेरी लागली म्हणून दुपारी माणूस जागेवर असतोच असं नाही, हे गिरणी कामगाराच्या मुलीला कळू नये? स्वतःचाच राग आला.

बुधवारी सुट्टी टाकून घरीच बसले. आई, जाईबाई, बाहेर व्हरांड्यात लाटायला बसली होती. ब्याऐंशीच्या संपात चाळीतल्या बायकांनी खाणावळीच्या चपात्या लाटायला घेतल्या, ते अजून चालू आहे. मधे गोळ्यांची परात, भोवती ज्या आल्या त्या. कधी सात, कधी चार. कुणाचं पाणी आलं की ती उठणार, कुणी उशिरा येऊन बसणार. ठरलेला वाटा कुणाचाच नाही.

हे मी लहानपणापासून हजार वेळा बघितलंय. पण त्या दिवशी एक गोष्ट नजरेत भरली. परात भरलेली होती तोवर प्रत्येक बाई दहा-दहा गोळे उचलत होती. अर्धी झाली तशी पाच-पाच. तळ दिसायला लागला तशी एकेक. शेजारच्या रमाबाईंनी बोलता बोलता चार उचलले, तर आई म्हणाली, "तीन ठेव गं परत. सगळ्या काय तुझ्यासाठी थांबणार?"

मी चहाचा कप तिथेच ठेवला. अगं बाई, हेच की. सुरुवातीला जास्त उचलायचं, म्हणजे सारखी सगळ्यांची परातीत झटापट नको. शेवटी थोडं, म्हणजे एकीपायी बाकीच्यांचा खोळंबा नको. बायका किती आहेत हे विचारायचंच नाही, परात किती उरली तेवढं बघायचं. शुक्रवारी दुपारी प्रोग्राम तयार होता, आणि तो चालणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शनिवारी हॉस्पिटलात मशीन सांभाळणाऱ्या जगदीशला मीच म्हटलं, "मध्येच तुमची दुसरी कामं टाका यावर. हवी तेवढी." हेरंबने माझ्याकडे डोळे वटारले. जगदीशने एक काम टाकलं, मग आणखी एक, मग एक बंद केलं. मोकळे प्रोसेसर सहाचे पाच झाले, चार झाले, परत पाच. तेरा मिनिटांत बाराशे चित्रं हजर.

"कुठल्या प्रोसेसरने किती केलं?" हेरंबने विचारलं.

"मोजलं नाही. बाराशे झाली ना?"

तो हसला. माझं नाव राहिलं.

घरी जाताना बर्फी घेतली. आईला म्हटलं, "तुझ्या पद्धतीनं वाचवलं मला."

"माझी कुठली? कमलाची ती." कमलामावशी आमच्याच मजल्यावर, टोकाच्या खोलीत राहते. "आधी वाटेच होते, प्रत्येकीला पन्नास. माझ्या रोज पंधरा-वीस उरायच्या आणि सगळ्या माझं तोंड बघत बसायच्या. इतकी लाज वाटायची, म्हटलं उद्यापासून येतच नाही. तर कमला म्हणाली, वाटेच नकोत. जमेल तेवढं उचला, आणि कुणी किती लाटल्या ते मोजायचं नाही."

"तुला का जमत नव्हतं? तुझा हात तर सगळ्यात चपळ."

"नववा महिना होता मला. तू पोटात होतीस. बसले की लाथा मारायचीस." आईने बर्फीचा तुकडा तोंडात टाकला. "हट्टी तेव्हापासूनच."

मी बर्फीचा डबा उचलला आणि टोकाच्या खोलीपर्यंत गेले. कमलामावशीने दार उघडलं, "काय गं?" म्हणाली. मी डबा उघडून पुढे धरला, "जमेल तेवढी उचल, मावशी."