तपासणीपुरतं खरं

सोलापूर रस्त्यावरच्या त्या नर्सिंग कॉलेजचं रुग्णालय मुळात कॉल सेंटरसाठी बांधलेलं होतं. कंपनी आलीच नाही, तेव्हा मालक हिंमतरावांनी त्याच काचेच्या इमारतीत खाटा टाकल्या. वॉर्डाच्या फरशीतून कॉम्प्युटरचे प्लग अजून वर आलेले होते आणि नव्या मुली त्यांना ठेचकाळत. एसी मात्र उत्तम चाले, कारण तो माणसांसाठी बसवलेला नव्हता. आयटीवाल्यांना जमिनी विकून हातात पैसा आलेली मंडळी त्या वर्षांत कॉलेजं काढत होती. आखातात आणि आयर्लंडमध्ये नर्सना मागणी होती, त्यामुळे मुलींची ददात नव्हती.

उत्कर्षा यवतमाळची. डिप्लोमा करून तिने तिकडच्या सरकारी रुग्णालयात नोकरी केली होती आणि आता पदवीसाठी इथे आली होती. इथे रुग्णालय होतं, पण रुग्ण नव्हते. औषधांचं कपाट होतं, पण त्यात शहरातल्या मोठ्या रुग्णालयांमधून आणलेल्या रिकाम्या बाटल्या होत्या. त्यात उकळलेलं पाणी भरून बुचं दाबून बसवलेली असत. अॅड्रेनलिन, अॅट्रोपिन, इन्सुलिन, सगळं पाणीच. मुली ते सिरिंजमध्ये ओढत आणि उशीला टोचत. पहिल्या वर्षी उत्कर्षा यावर चिडायची. दुसऱ्या वर्षी तिने लेबल वाचणंही सोडलं होतं.

मान्यतेच्या तपासणीचा दिवस आला, तशी कॉलेजची बस आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं घेऊन आली. दिवसभर झोपायचं, दिवसाचा रोज मिळेल, जेवण मिळेल. उपप्राचार्य मुळे मॅडम दारातच आजार वाटत होत्या. "तुम्ही दमा. तुमचा पाय मोडलाय, तिकडे प्लास्टर घालून घ्या. काका, तंबाखू थुंका आधी. तुम्हाला हार्ट आहे."

गेल्या तपासणीला पेशंट खाटेवर बसून शेंगा फोडत होते आणि टरफलं समितीच्या पायाखाली आली होती. म्हणून या वेळी हिंमतरावांचा हुकूम होता, समिती जाईपर्यंत वॉर्डात कुणाच्या तोंडात घास जाता कामा नये.

उत्कर्षाच्या खाटेवर यमुनाबाई नावाची साठीची बाई आली. काटकुळी, हातावर ठसठशीत गोंदण.

"मला काय झालंय गं?" तिने विचारलं.

"साखर. डायबेटिस."

"बरा हाय का वाईट?"

"झोपून राहायचं नुसतं, मावशी."

"मग बराच हाय की. पर सकाळपास्नं नुसता च्या हाय पोटात. जेवन कवा?"

"पाहुणे गेले की."

समितीच्या प्रमुख श्यामलाबाई कसब्यातल्या. आयुष्यभर नर्सिंग शिकवून निवृत्त झालेल्या, त्यातही औषधशास्त्र. कडक सुती साडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आल्या आल्या वॉर्डातला फ्रीज उघडून पाहिला, काही न बोलता बंद केला आणि उत्कर्षाच्या खाटेपाशी थांबल्या.

"रेग्युलर इन्सुलिन. काम कधी सुरू होतं?"

"अर्ध्या तासात, मॅडम."

"जोर कधी?"

"दोन ते चार तासांत. सहा-आठ तासांत ओसरतं."

"देण्याआधी काय बघायचं?"

"रक्तातली साखर. आणि पेशंटचं जेवण समोर आलंय का."

"पाठ तर छान आहे. चार्टवर वीस युनिट लिहिलंय. द्या, बघू कसं देता."

साखर बघायला यंत्र नव्हतं. चार्टवर सकाळची तीनशे दहा साखर मुळे मॅडमच्या अक्षरात लिहिलेली होती. उत्कर्षाने फ्रीजमधून बाटली आणली, बूच पुसलं, वीस युनिट ओढलं, यमुनाबाईच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई घातली. चार थेंब पाणी कातडीखाली गेलं तर काय होतंय, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. श्यामलाबाईंनी मान डोलावली आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

बाटली परत ठेवताना उत्कर्षाच्या बोटांना वास आला. डॉक्टरी, उग्र, जखमेच्या चिकटपट्टीसारखा. पाण्याला हा वास नसतो. यवतमाळच्या वॉर्डात रोज सकाळी तिच्या हातांना तो असायचा. तिने बाटली उजेडात धरली. कंपनीचं सील, पुढच्या वर्षाची मुदत.

मुळे मॅडमना तिने कोपऱ्यात गाठलं. "मॅडम, हे इन्सुलिन खरं आहे?"

"अगं, मग! या बाई फ्रीज उघडतात म्हणून कळलं होतं. सकाळीच मागवलंय." मॅडमच्या आवाजात कौतुक होतं.

"मी दिलं ते. वीस युनिट. त्या उपाशी आहेत."

मॅडमचा चेहरा उतरला, पण आधी त्यांनी समिती कुठे आहे ते पाहिलं. "मोठ्याने बोलू नकोस. समिती लायब्ररीत गेली की दे काहीतरी खायला."

"तोवर फिट येईल. इमर्जन्सी ट्रेमधली डेक्स्ट्रोजची साखर देते शिरेतून."

"ते पाणी आहे," मुळे मॅडम म्हणाल्या. "ट्रे कोण उघडून बघतंय?"

 विष खरं आणलं होतं आणि उतारा पाण्याचा. मॅडमच्या साडीला अत्तराचा वास होता, केसात अबोलीचा गजरा होता, आणि त्या साऱ्या थाटाची उत्कर्षाला शिसारी आली. स्वतःच्या हातांचीही तिला तितकीच किळस आली. या हातांनी लेबल न वाचता सुई घातली होती.

ती खाटेशी परतली. समिती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टर घातलेल्या माणसाला पाय कसा मोडला ते विचारत होती आणि तो झाडावरून, बसमधून असे दोन वेगवेगळे अपघात सांगत होता. श्यामलाबाई गंभीर चेहऱ्याने ऐकून घेत होत्या. समिती लायब्ररीकडे निघायची वाट बघत उत्कर्षा यमुनाबाईचा हात धरून बसली. अर्ध्या तासाने त्या गार एसीत यमुनाबाईच्या ओठावर घाम आला. मग कपाळावर. हात थरथरू लागले.

"मावशी, कसं वाटतंय?"

"तू गप ए सुमे," यमुनाबाई खेकसली. "शेरडं सुटली बग तिकडं." सुमी कोण, ते उत्कर्षाला ठाऊक नव्हतं. बाईची नजर तिच्यावर होती, पण ती तिला दिसत नव्हती.

उत्कर्षा उठली. शेजारच्या खोलीत समितीचं जेवण मांडलेलं होतं. पांढरी चादर, घडी घातलेले रुमाल, काचेच्या भांड्यात गुलाबजाम. हिंमतराव स्वतः उभे राहून माशा वारत होते.

"ए, काय पाहिजे?"

तिने उत्तर दिलं नाही. भांडं उचललं आणि वॉर्डात आणलं.

"अगं ए! ते साहेबलोकांचं हाय!" शहरी भाषा हिंमतरावांच्या तोंडून तेवढ्यात गळून पडली. ते मागे धावले आणि वॉर्डाच्या दारातून समिती दिसताच जागच्या जागी थांबले.

उत्कर्षाने यमुनाबाईची मान वर उचलली आणि चमच्याने थोडा थोडा पाक तिच्या तोंडात घातला. निम्मा हनुवटीवरून गळ्यात गेला. "गिळा मावशी, गिळा." दम्याच्या आणि हार्टच्या खाटा उठून बसल्या.

"डायबेटिसच्या पेशंटला पाक?" श्यामलाबाई मागे उभ्या होत्या. "कुठल्या पुस्तकात आहे हे?"

मुळे मॅडम पुढे झाल्या. "मॅडम, ती जरा घाबरट—"

"तुम्हाला नाही विचारलं."

उत्कर्षा म्हणाली, "यांना डायबेटिस नाही, मॅडम. इथे कुणालाच काही नाही. बसने आणलेत सगळे. बाटलीत पाणी असेल असं समजून मी टोचलं आणि ते खरं निघालं."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपली पदवी, सगळ्या मुलींची पदवी, आत्ता गेली. ती चमचा भरत राहिली.

श्यामलाबाईंनी चष्मा वर सरकवला, यमुनाबाईची नाडी पाहिली, पापणी वर करून डोळा पाहिला. "गिळतेय ना? मग चालू ठेवा. नुसता पाक पुरायचा नाही, इन्सुलिनचा जोर अजून पुढे आहे. शुद्धीवर आली की भात-पोळी घाला. हिंमतराव, ताट आणा."

हिंमतरावांनी समितीचंच एक ताट आणलं. हळूहळू यमुनाबाईचा घाम ओसरला. तिने उत्कर्षाकडे पाहिलं, मग ताटाकडे. "पाव्हनं गेलं व्हय?" म्हणाली आणि जेवू लागली.

"मॅडम, यांना खऱ्या रुग्णालयात न्यायला हवं," उत्कर्षा म्हणाली. "संध्याकाळपर्यंत साखर पुन्हा उतरू शकते."

"बरोबर. न्या." श्यामलाबाई सोबतच्या सदस्याकडे वळल्या. "लिहून घ्या. विद्यार्थिनींची औषधशास्त्राची समज उत्तम. आणीबाणीत प्रसंगावधान."

उत्कर्षाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मॅडम, मी सांगितलं ना, हे पेशंट—"

"मुली, पेशंट कुठल्या कॉलेजात खरे असतात, ते तू मला सांगणार?" आवाज मुळीच चढला नाही. "मान्यता काढली तर तू कुठे जाशील? गावी परत? तुझं उत्तर बरोबर होतं. तेवढं मी बघितलं."

मग त्यांनी रुमालाने बोटं पुसली आणि त्या जेवणाच्या खोलीकडे गेल्या. मागोमाग हिंमतराव वाकून चालले होते. "गुलाबजाम दुसरे मागवतो, मॅडम." आतून ताटं सरकवल्याचा आवाज आला.

बाहेर उभ्या असलेल्या अॅम्ब्युलन्सला ड्रायव्हर नव्हता. उत्कर्षाने रस्त्यावर टमटम थांबवली आणि यमुनाबाईला मधे धरून बसवलं. समितीच्या टेबलावरच्या वाटीतली साखर तिने रुमालात बांधून खिशात घेतली होती. दर थोड्या वेळाने उत्कर्षा चिमूटभर साखर तिच्या हातावर ठेवत होती आणि यमुनाबाई मुकाट चाटत होती.

"डॉक्टरला मी सगळं खरं सांगणार आहे, मावशी. कॉलेजचं नाव घेऊन."

यमुनाबाई दचकली. तिने उत्कर्षाचं मनगट घट्ट धरलं. "नगं गं बाई. परत बोलवायचे न्हाईत. पुढल्या खेपंला मला दम्याच्या खाटंवर टाक. तिथं सुई नसती म्हनं."

उत्कर्षाला ओकारी आली. तिने टमटमच्या बाहेर डोकं काढलं, दोनदा कोरडे उमासे काढले आणि तोंड पुसून पुन्हा आत वळली.

"जीभ बाहेर काढा, मावशी," ती म्हणाली आणि आणखी साखर तिच्या जिभेवर ठेवली. "नाव घेऊनच सांगणार."