भिंतीच्या पोटातली खोली

दवाखान्याच्या जिन्यापाशी मुंगी शिरायला जागा नव्हती. परिचारिका, रुग्णांचे नातेवाईक, कॅन्टीनवाला, सगळे टाचा उंचावून बघत होते. हात लावून वास्तूचे दोष सांगणारे 'हातवाले बाबा' डोळे मिटून भिंतीवर तळवे टेकून उभे होते.

"हिच्या पोटात खोली आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "त्यात श्वास कोंडलाय. तोच तुमच्या रुग्णांना बरं होऊ देत नाही. भिंत पाडा."

दवाखाना चालवणाऱ्या ताईने धाकट्या बहिणीकडे पाहिलं. धाकटी नकाशांवरून संगणकात इमारतींची मॉडेलं बनवायची. याही इमारतीचं तिनेच बनवलं होतं. तिने लॅपटॉप उघडला. मॉडेलमध्ये भिंतीमागे खरंच बंद खोली होती. गर्दीने हात जोडले.

"बघ," ताई म्हणाली, "तुला महिने लागले. त्यांनी नुसता हात लावला."

धाकटीला ते मिरचीसारखं झोंबलं. आजवर ताईचं काही अडलं की ती धाकटीला विचारायची. आता पंखा कुठे लावायचा, हेही बाबा सांगत. दुसऱ्या दिवशी तिने लेझर स्कॅनर आणला तो सत्यासाठी नव्हे. पोटात दुखत होतं म्हणून.

तिपाईवरचं ते यंत्र गोल फिरत, समोरच्या प्रत्येक भिंतीपर्यंतचं अंतर किरणांनी मोजतं. तिने जिन्याची बाजू मोजली, पलीकडचा वॉर्ड मोजला, वरचा मजला मोजला आणि सगळं मॉडेलवर ठेवून पाहिलं. खोली नव्हतीच. जुन्या नकाशात ती होती, पण बांधताना तिची जागा वॉर्डात घेतली होती. मध्ये उरली होती एक जाड भिंत, आणि वरच्या मजल्याची भिंत नेमकी तिच्यावर उभी होती.

तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण क्षणभरच. मॉडेलही चुकलं होतं. बाबांना उघडं पाडायचं तर आधी स्वतःचे कान धरायला हवेत.

"ताई, जुना नकाशा कुणाला दिला होतास?"

"बाबांनीच मागून नेला होता. त्यावर ध्यान करायचं होतं त्यांना."

भिंत पाडायला गवंडी आला, तेव्हा धाकटीने आधी बाबांना औषधांच्या खोलीत नेलं. तिथल्या एका भिंतीमागे, नकाशात नसलेली पोकळी तिला दोन्ही बाजूंचं स्कॅन जुळवताना कळली होती.

बाबांनी तळवे टेकले. "भरीव. अगदी शुद्ध."

गवंड्याने भोक पाडलं. ड्रिल झटकन आत गेलं. मागे जुन्या पाइपांची पोकळी निघाली. मग त्याने जिन्याच्या भिंतीला भोक पाडलं. शेवटपर्यंत विटांचा भुगा पडत राहिला आणि ड्रिलचं टोक थेट वॉर्डात निघालं.

"यंत्राच्या किरणांनी स्पंदनं बिघडली," बाबा म्हणाले.

"स्पंदनांबरोबर खोलीपण पळाली का?" कॅन्टीनवाल्याने विचारलं. लोक हसले. बाबांनी चपला शोधल्या.

ताईचा चेहरा उतरला होता. "पाडली असती तर वरचा वॉर्ड खाली आला असता. यापुढे तू सांगशील तेच."

हेच ऐकायला धाकटीचा जीव तळमळत होता. तरी तिने नकारार्थी मान हलवली.

"ते नकाशा बघून बोलले आणि मॉडेलही मी नकाशा बघूनच केलं होतं. दोघांचं जुळलं, म्हणून ते खरं ठरलं नाही. कुणी डोळे मिटून सांगितलं, तर आपण आपले उघडे ठेवायचे आणि मोजून बघायचं. मी सांगितलं तरी."